‘म्हणजे काय?’ : ल्यूथरपंथी मंडळीतील प्रौढांचा अभ्यास आणि पंगत

१

ल्यूथरपंथी ख्रिस्ती मंडळीत एक साधी चाल आहे. रविवारच्या उपासनेच्या आधी किंवा नंतर प्रौढ माणसे तासभर एकत्र बसतात. त्या आठवड्याचा शास्त्रपाठ कोणीतरी मोठ्याने वाचतो आणि मग त्यावर बोलणे होते. पाळक हजर असतात, पण सगळे त्यांनीच बोलावे असा दंडक नसतो. शेवटी चहा-कॉफी होते, कोठे जेवणही होते. लहान मुलांना धर्म शिकवण्याची सोय बहुतेक धर्मांत असते. पण लग्नकार्य झालेल्या, मजुरी-नोकरी करणाऱ्या, नातवंडे असलेल्या माणसांनीही विद्यार्थी म्हणून बसावे आणि बसताना प्रश्न घेऊन यावे, ही कल्पना सर्वत्र आढळत नाही.

ह्या साध्या चालीमागे पाचशे वर्षांचा झगडा उभा आहे. ग्रंथ कोणाच्या हातात असावा? त्याला प्रश्न कोणी विचारावा? आणि कोणाच्या शेजारी बसून कोणी खावे? हे तिन्ही प्रश्न आपल्याला परके नाहीत. म्हणूनच ह्या चालीची हकिकत मराठी वाचकांपुढे मांडावी असे मला वाटले.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ आमच्या घरी माझ्या जन्माआधीच आला होता. पण वाचता येणारे कोणी नव्हते, म्हणून आजी तो स्वच्छ धडप्यात बांधून फळीवर ठेवी आणि पौर्णिमेला त्याला हात जोडी. ग्रंथ घरात येणे आणि तो उघडून ‘म्हणजे काय?’ असे विचारणे, ह्यांत आमच्या घरी दोन पिढ्यांचे अंतर पडले. ल्यूथरपंथाच्या इतिहासात हे अंतर तोडण्याचा प्रयत्न कसा झाला आणि तो कोठे अडला, हे पाहण्यासारखे आहे.

२

मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) हा तांब्याच्या खाणधंद्यातून वर आलेल्या बापाचा मुलगा. १५१७ साली पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध त्याने विटेनबर्ग येथे पंच्याण्णव मुद्दे मांडले, हे शाळेच्या इतिहासातही असते. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्यानंतरची बारा वर्षे अधिक महत्त्वाची आहेत.

त्या काळी उपासना लॅटिनमध्ये चाले. ती जर्मन शेतकऱ्याला कळत नसे, आणि कळावी अशी अपेक्षाही नसे. प्रभुभोजनात भाकर सामान्य माणसाला मिळे. द्राक्षारसाचा प्याला मात्र पुरोहितापुरता राखलेला असे. म्हणजे ग्रंथही त्यांचा आणि प्यालाही त्यांचाच! १५२० साली ल्यूथरने लिहिले की, बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक माणूस पुरोहितच होय. चांभार, लोहार, शेतकरी आणि बिशप ह्यांच्यांत कामाचा फरक आहे, दर्जाचा नाही. १५२२ मध्ये त्याने केलेले नव्या कराराचे जर्मन भाषांतर छापून निघाले. १५२४ मध्ये त्याने नगरपालांना आवाहन केले की मुलांसाठी शाळा काढा, मुलींसाठीही काढा. ल्यूथरपंथी मंडळ्यांत प्यालाही सर्वांच्या ओठाला लागला.

१५२८ च्या सुमारास सॅक्सनीतील खेड्यांच्या मंडळ्यांची पाहणी झाली. तेथील स्थिती पाहून ल्यूथर हादरला. लोकांना धर्माची साधी तोंडओळखही नव्हती आणि पुष्कळ पाळक शिकवण्याच्या लायकीचे नव्हते. त्यातून १५२९ साली त्याची ‘लहान प्रश्नोत्तरावली’ निघाली. तिचे भाग प्रथम भिंतीवर लावण्याच्या तक्त्यांच्या रूपात छापले गेले. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन असे तिचे मुख्य विषय. आज्ञेमागून आज्ञा येते आणि प्रत्येकीनंतर तोच एक प्रश्न येतो : ‘म्हणजे काय?’ मूळ जर्मनातही तो असाच तीन शब्दांचा, घरगुती बोलण्यातला आहे. हे पुस्तक विद्वानांसाठी नव्हते. कुटुंबप्रमुखाने आपल्या घरच्यांना, गडीमाणसांना सोप्या रीतीने कसे शिकवावे, हे त्यात सांगितले होते. मुलाला शिकवायचे तर बापाला आधी शिकणे भाग होते. प्रौढांच्या अभ्यासाचा उगम येथे आहे.

पण ह्या प्रश्नाला दोन बाजू होत्या. प्रश्न छापलेला होता आणि उत्तरही छापलेले होते. ते शब्दशः पाठ करावे, आणि जो शिकायला नकार देईल त्याला प्रभुभोजनाला घेऊ नये, असे ल्यूथरने प्रस्तावनेत बजावले. ज्याचे उत्तर छापलेले नव्हते असा प्रश्न लोकांनी विचारला तेव्हा काय झाले? मार्च १५२५ मध्ये दक्षिण जर्मनीतील शेतकऱ्यांनी मेमिंगेन येथे बारा मागण्या मांडल्या. आपला पाळक आपणच निवडू, ही पहिली मागणी. ख्रिस्ताने सर्वांनाच सोडवले असेल तर आम्ही वेठबिगार कसे, हा तिसऱ्या मागणीतला सवाल. पवित्र शास्त्र वाचूनच त्यांनी तो विचारला होता. ल्यूथरने आधी सरदारांचीही कानउघाडणी केली. पण बंड पसरल्यावर त्याने शेतकऱ्यांना चिरडून काढा, असे अत्यंत कठोर शब्दांत लिहिले. त्या युद्धात सुमारे लाखभर शेतकरी मारले गेले असावेत, असा अंदाज केला जातो.

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये ल्यूथरचे नाव घेतले आहे. धार्मिक आणि सामाजिक क्रांती ही राजकीय क्रांतीच्या आधी येते, हे दाखवताना त्यांनी युरोपातील राजकीय मुक्तीची पूर्वतयारी म्हणून ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा दाखला दिला. तो दाखला खराच आहे. परंतु वाट दाखवणारा स्वतः त्या वाटेने शेवटपर्यंत जातोच असे नाही, हेही तितकेच खरे.

३

ल्यूथरनंतर शंभर-सव्वाशे वर्षांत नवे विद्वान पुरोहित तयार झाले. उपासना लोकभाषेत होती, पण बोलणारा एकच आणि ऐकणारे सगळे, अशी स्थिती पुन्हा आली. ती मोडण्याचा प्रयत्न फिलिप याकोब श्पेनर (१६३५–१७०५) ह्या पाळकाने केला. फ्रँकफुर्ट येथे १६७० साली त्याने स्वतःच्या घरी लोकांना आठवड्यातून ठरावीक दिवशी वाचन आणि चर्चेसाठी जमवायला सुरुवात केली. १६७५ च्या ‘पिया देसिदेरिया’ ह्या पुस्तकात त्याने आपली मागणी स्पष्ट मांडली : सर्व विश्वासणारे जर पुरोहित असतील, तर त्यांना एकत्र वाचण्याचा, एकमेकांना शिकवण्याचा आणि शंका विचारण्याचा हक्क प्रत्यक्षात मिळाला पाहिजे. आजच्या ल्यूथरपंथी प्रौढवर्गाचा खरा पूर्वज श्पेनरच्या घरातील ही बैठक होय. मात्र तिथे स्त्रियांना ऐकण्याची मुभा होती, बोलण्याची नव्हती.

ह्या बैठकींचे पडसाद उत्तर युरोपात दूरवर उमटले. स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्चविषयक कायद्याने प्रत्येकाला, नोकर-मोलकरणींनाही, वाचता आले पाहिजे असे ठरवले होते. पाळक घरोघर जाऊन प्रौढांची परीक्षा घेत आणि कोणाला किती वाचता येते, कोणाला प्रश्नोत्तरावली किती समजते, ह्याची वहीत नोंद करीत. इतरत्र कोट्यवधी लोक निरक्षर असताना तेथील खेडूत वाचू लागला, तो ह्या रेट्यामुळे. पण वाचायला शिकवणे वेगळे आणि वाचून जमणे वेगळे. तीच माणसे पाळकाशिवाय एकत्र बसून वाचू लागली तेव्हा सरकार बिथरले. १७२६ साली अशा खाजगी धर्मसभांवर बंदी आली आणि ती १८५८ पर्यंत राहिली. त्या काळी अशा जमणाऱ्या लोकांना ‘वाचणारे’ म्हणून हिणवीत. वाचणे ही शिवी व्हावी, ह्याहून ग्रंथाच्या सामर्थ्याची मोठी कबुली कोणती?

डेन्मार्क-नॉर्वेत १७४१ साली असाच कायदा झाला. त्याचा तडाखा हान्स निल्सेन हौगे (१७७१–१८२४) ह्या शेतकऱ्याच्या मुलाला बसला. त्याने धर्मशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. तो देशभर बहुतांशी पायी हिंडला, पुस्तके लिहून छापून वाटली, खेडोपाडी वाचणाऱ्यांची वर्तुळे उभी केली. त्याच्या चळवळीत सारा ऊस्त हिच्यासारख्या स्त्रियाही उपदेश करीत. १८०४ साली त्याला अटक झाली आणि पुढची सुमारे दहा वर्षे तुरुंगात व खटल्यात गेली. आरोप कोणता? परवानगीशिवाय लोकांना जमवून धर्मावर बोलला! तरी १८१४ च्या नॉर्वेच्या घटनासभेत त्याचे काही अनुयायी निवडून आले आणि १८४२ मध्ये तो कायदा रद्द झाला. स्वयंपाकघरात जमून वाचणाऱ्या शेतकऱ्यांनी बोलायला शिकून घेतले होते. राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत त्यांना ते बोलणे कामी आले.

४

ह्याच परंपरेतून ल्यूथरपंथ भारतात आला. श्पेनरच्या विचारांचे केंद्र बनलेल्या हाले येथे शिकलेला बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि त्याचा सोबती हाइनरिख प्ल्युत्शाउ हे दोघे डेन्मार्कच्या राजाच्या वतीने ९ जुलै १७०६ रोजी तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथे उतरले. त्सीगेनबाल्गने तमिळ शिकून घेतली, शाळा काढल्या. छापखाना आला आणि १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून पुरा झाला. १७१८ मध्ये ‘न्यू जेरुसलेम’ हे मंदिर उभे राहिले. वाचन आले. पण त्या नव्या देवघरातही वेल्लाळ आणि परैयर ह्यांच्या बसण्याच्या जागा वेगवेगळ्या ठेवल्या गेल्या.

राजनायकन ह्या परैयर माणसाची हकिकत ह्या बाबतीत फार बोलकी आहे. तो तंजावरच्या राजाच्या सैन्यात होता. तंजावर म्हणजे त्या काळी भोसल्यांचे मराठी राज्य. छापलेले तमिळ शुभवर्तमान त्याच्या हाती पडले, त्याने ते स्वतः वाचले आणि वाचूनच तो ल्यूथरपंथी मंडळीकडे आला. पुढे त्याने शिक्षक-उपदेशक म्हणून लोकांना शिकवले, त्यासाठी छळ सोसला. १७३३ साली वेल्लाळ जातीच्या आरोन ह्यास दीक्षा देऊन पहिला भारतीय ल्यूथरपंथी पाळक करण्यात आले. १७४१ मध्ये दुसऱ्याची निवड करायची वेळ आली तेव्हा राजनायकनचे नाव पुढे होते. पण त्याला डावलले गेले. कारण काय, तर त्याच्या हातून प्रभुभोजन घ्यायला उच्चजातीय ख्रिस्ती बिचकतील!

‘म्हणजे काय?’ हा प्रश्न येथे कसाला लागतो. राजनायकन शिकवू शकत होता, पण वाढू शकत नव्हता. त्याची विद्या चालली, त्याचा हात चालला नाही.

पुढे १८३३ साली कलकत्त्याचा अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन ह्याने मंडळीत जातिभेद तत्काळ आणि कायमचा सोडावा, असे पत्रक काढले. तेव्हा तंजावरकडील पुष्कळ वेल्लाळ ख्रिस्ती बाहेर पडले आणि त्यांतील अनेकांना पुढे जर्मनीहून आलेल्या लाइपझिगच्या ल्यूथरपंथी मिशनचा आसरा मिळाला. त्या मिशनचे धुरीण कार्ल ग्राउल ह्यांचे म्हणणे असे की, जात ही सामाजिक रीत आहे, ती हळूहळू जाईल, सक्ती नको. ह्याउलट मदुरेच्या अमेरिकन मिशनने १८४७ मध्ये आपल्या नोकरांपुढे प्रीतिभोजनाची अट ठेवली : परैयराने रांधलेले सर्वांसोबत बसून खा, नाहीतर नोकरी सोडा. अनेकांनी नोकरी सोडली, घास उचलला नाही. ग्रंथ सर्वांना मान्य होता, पंगत मान्य नव्हती.

येथे एक शंका निघेल. सहभोजनाने जात मोडत नाही, असे बाबासाहेबांनीच त्याच १९३६ च्या निबंधात सांगितले नाही काय? सांगितले आहे, आणि ते अनुभवाने सिद्ध झाले आहे. माझे म्हणणे एवढेच की, सहभोजन हा जातीवरचा उपाय नसला तरी ती अभ्यासाची कसोटी आहे. तासभर समतेवर चर्चा करून उठलेली माणसे जेवायला कोठे आणि कोणाशेजारी बसतात, ह्यावरून त्या तासात काय झाले ते कळते.

५

आंध्रच्या किनारपट्टीवर ल्यूथरपंथाची सुरुवात १८४२ साली जॉन ख्रिश्चन फ्रेडरिक हायर ह्या मिशनऱ्याने गुंटूर येथे केली. आज तेथील मंडळींत बहुसंख्य लोक दलित, मुख्यतः माला आणि मादिगा समाजांतले आहेत. उजळणीवर्गाच्या निमित्ताने त्या भागात गेलो असता एका लहानशा गावी प्रौढवर्गाला बसण्याचा योग आला. मला तेलुगू येत नाही. सोबतचे प्राध्यापक मित्र हळू आवाजात हिंदीत सांगत होते.

त्या दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दृष्टान्त होता. मालक पहाटे मजूर लावतो, मग दर काही तासांनी आणखी लावतो, शेवटचे दिवस मावळायला तासभर असताना लावतो; आणि संध्याकाळी सर्वांना सारखाच रोज देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. मजकूर आधी एका तरुणाने वाचला, मग एका शिक्षिकेने पुन्हा वाचला, कारण खोलीतल्या निम्म्या लोकांना वाचता येत नव्हते. पाळकांनी नेहमीचा अर्थ सांगितला : देवाची कृपा कमाईवर मोजली जात नाही. हा ल्यूथरच्या शिकवणीचा गाभाच होय.

तेव्हा शेतमजुरी करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले की, दिवस मावळेपर्यंत नाक्यावर उभे राहिलेले ते लोक कोण होते? पाळक थांबले. बाईंनीच पुढे सांगितले : जे धट्टेकट्टे ते सकाळीच उचलले जातात. मागे उरतात म्हातारे, आजारी, पदराला मूल असलेल्या बाया, आणि ज्यांची वस्ती मुकादमाला पसंत नाही ते. त्यांना भूक मात्र पूर्ण दिवसाची लागते. मालकाने पूर्ण रोज दिला तो मेहेरबानी म्हणून नव्हे, पोट पूर्ण आहे म्हणून.

धर्मशास्त्राच्या शाळेत न मिळणारा हा अर्थ होता. तो बाईंच्या जगण्यातून आला. प्रौढ-अभ्यासाचे मर्म मला येथे दिसले. लहान मूल कोरी पाटी घेऊन येते. प्रौढ माणूस भरलेले आयुष्य घेऊन येतो. त्याला नुसते शिकवायचे म्हटले तर त्याचे आयुष्य बाहेर चपलांपाशी ठेवावे लागते. त्याच्याबरोबर वाचायचे म्हटले तर ग्रंथालाही त्याच्याकडून काही शिकावे लागते.

वर्गानंतर जेवण झाले. भात, आमटी, अंबाडीची चटणी. त्या बाईंनीही वाढले आणि पाळकांनीही. मला फार बरे वाटले. मी मित्रांना विचारले की गावातले सगळे ल्यूथरपंथी येथेच येतात काय? ते म्हणाले, “नाही. ही एका वस्तीची मंडळी. दुसऱ्या वस्तीचे देऊळ पलीकडे आहे.” त्यांनी जातीचे नाव घेतले नाही. घेण्याची गरज नव्हती. वस्त्या वेगळ्या म्हणून मंडळ्या वेगळ्या, आणि मंडळ्या वेगळ्या म्हणून सोयरिकी वेगळ्या. दोन्हीकडे तोच पाठ वाचला जातो, दोन्हीकडे तोच दृष्टान्त ऐकून डोळ्यांत पाणी येते. आणि दोन पंगती राहतात.

६

हे वाचून ‘पाहा, ख्रिस्ती होऊन काय मिळाले?’ असे म्हणणे सोपे आहे. तो ह्या लेखाचा हेतू नाही. ख्रिस्ती दलितांनी हा प्रश्न स्वतःच आपल्या मंडळीपुढे ठेवला आहे. मराठी ख्रिस्ती विचारवंत अरविंद निर्मल ह्यांनी १९८१ साली बंगलोर येथे केलेल्या भाषणातून शूद्रांच्या ईश्वरविचाराची मांडणी केली. पुढे मद्रासच्या गुरुकुल ल्यूथरन थिऑलॉजिकल कॉलेजात दलित ईश्वरविचाराचा विभाग त्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. राजनायकनला डावलणाऱ्या परंपरेच्याच एका विद्यापीठात राजनायकनच्या बाजूने शास्त्र वाचण्याची सोय झाली, ही लहान गोष्ट नव्हे. १७४१ पासून तिथवर यायला सुमारे अडीचशे वर्षे लागली, हीही लहान गोष्ट नव्हे.

आपल्यातला आणि त्यांच्यातला एक मूलभूत फरक लपवू नये. ल्यूथरपंथी वाचक कितीही धीट झाला तरी शेवटचा शब्द तो ग्रंथाला देतो. बाबासाहेबांनी शास्त्रप्रामाण्यावरच घाव घातला आणि बुद्धाने तर स्वतःचे वचनही तपासून घ्यायला सांगितले. म्हणजे प्रश्न विचारण्याचा आपला अधिकार त्यांच्याहून मोठा आहे. मग आपण तो वापरतो काय?

पावसाळ्याच्या तीन महिन्यांत विहारांतून ग्रंथवाचन होते. माझी आई नियमाने जाते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, शेवटी वंदना होते. गेल्या वर्षी मी तिला विचारले की मधे कोणी काही विचारते का? ती म्हणाली, “विचारायचं काय त्यात? चांगलंच असतंय सगळं.” तिच्या उत्तरात श्रद्धा आहे, आणि आपल्या अभ्यासवर्गांचे अपयशही आहे. चाळीस वर्षे दुसऱ्याच्या रानात खुरपलेल्या बाईला दुःखाच्या कारणांविषयी काहीच सांगण्यासारखे नसेल, हे मला पटत नाही. तिला कोणी विचारलेले नाही, इतकेच. आपले वर्गही असेच चालतात. वक्ता पदवीधर, अध्यक्ष पदवीधर, आभार मानणाराही पदवीधर. सतरंजीवर बसलेली माणसे टाळ्यांपुरती!

आणि पंगतीचे काय? महार, मांग, चांभार, भंगी ह्या वस्त्यांतील किती माणसे आपल्या एका अभ्यासवर्गात एकत्र बसतात? बसली तर बोलतात काय? बोलली तर त्यांच्या घरी आपण जेवतो काय, आणि जेवलो तर सोयरिकीचा विषय निघतो काय? आंध्रातल्या त्या गावात रस्त्याच्या दोन बाजूंना दोन देवळे आहेत म्हणून आपण हळहळू. पण आपल्या गावात जयंतीच्या दोन मिरवणुका दोन वाटांनी का जातात, ह्याचे उत्तर आपल्याला त्या गावापेक्षा चांगले ठाऊक आहे.

ल्यूथरपंथी प्रौढवर्गाच्या पाचशे वर्षांतून आपण घेण्यासारखे आहे ते एवढेच : ग्रंथ लोकांच्या भाषेत द्यावा, बोलण्याची पाळी ठरवून सर्वांना द्यावी, आणि वाचता न येणाऱ्याचे बोलणे आधी ऐकावे. त्याच पाचशे वर्षांतून टाळण्यासारखेही स्पष्ट आहे : छापील उत्तरावर थांबू नये, आणि ज्याच्याकडून शिकलो त्याच्या हातचे खायला बिचकू नये. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी येत्या वर्षावासात निदान एका विहारात हे करून पाहावे. वाचन अर्धा तास आणि चर्चा एक तास ठेवावी. पहिला प्रश्न पदवी नसलेल्याचा असावा. आणि जेवण आळीपाळीने वेगवेगळ्या वस्तीतून यावे. डबे कोणाचे रिकामे परत जातात आणि कोणाचे भरलेले, हेही पाहावे. आपण समतेविषयी काय शिकलो ते त्या डब्यांवरून कळेल.